साऱ्या घराचं काम: प्रस्तावना

मुलाला मधुमेह असल्याचं कळतं त्या दिवशी आईवडील डॉक्टरांना जे विचारतात ते बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. आमच्या दोन्ही घराण्यांत कुणालाच नाही, मग हिला कसा झाला? लहानपणापासून गोड फार खाऊ दिलं, त्यानं झालं का? इंजेक्शनऐवजी गोळ्यांवर भागणार नाही का? आणि एक प्रश्न फक्त आई विचारते, तोही बऱ्याचदा बाकीचे खोलीबाहेर गेल्यावर: हिच्या वेळी मला दिवस होते तेव्हा माझ्याकडून काही चुकलं असेल का? हे पुस्तक अशाच घरांसाठी आहे, म्हणून उत्तरं प्रस्तावनेतच सांगून टाकते.

लहान मुलांना होणारा मधुमेह आपल्याकडे बहुतांशी टाइप १ असतो. रोगांशी लढायला शरीरात जी यंत्रणा असते, तीच यात स्वादुपिंडातल्या बीटा पेशींना शत्रू समजून मारत सुटते. इन्सुलिन तयार करणं हे या पेशींचं काम. हा नाश महिनोन्‌महिने, कधी काही वर्षं, आतल्या आत चालू असतो आणि लक्षणं दिसू लागतात तोवर बहुतेक पेशी गेलेल्या असतात. गोड खाण्याशी याचा संबंध नाही. अशा दहापैकी जवळपास नऊ मुलांच्या जवळच्या नात्यात कुणालाही टाइप १ नसतो, त्यामुळे ‘आमच्यात कुणाला नाही’ हे आश्चर्य नसून नेहमीचीच गोष्ट आहे. गोळ्या चालत नाहीत, कारण शरीरात जे तयारच होत नाही ते बाहेरून द्यावं लागतं. आणि इन्सुलिन तोंडानं घेतलं तर ते पोटातच पचून जातं. आईचं काहीही चुकलेलं नसतं. हे वाक्य मी दर भेटीत पुन्हा म्हणते, कारण एकदा ऐकून ते पटत नाही.

मधुमेहाचे रुग्ण दोन तऱ्हांचे असतात, एक जन्मतः दोष घेऊन आलेले, कृश आणि सतत तहानलेले, दुसरे खाण्यापिण्यामुळे आजारी पडलेले आणि स्थूल, ही नोंद सुश्रुतसंहितेत आहे. आपल्या लोकांच्या मनात मात्र त्यातला दुसराच उरला. मधुमेह म्हणजे पोट सुटलेला, चाळिशी ओलांडलेला माणूस. सात वर्षांच्या काटकुळ्या मुलीला तो असू शकतो हे घरच्यांच्या डोक्यात येत नाही, शाळेच्या येत नाही आणि खेदाची गोष्ट ही की कित्येकदा डॉक्टरांच्याही येत नाही. मूल सारखं पाणी मागतं, सारखं लघवीला जातं, भूक असूनही वाळत चालतं. अंथरूण ओलं करणं दोन वर्षांपूर्वी थांबलेलं असतं ते पुन्हा सुरू होतं आणि त्यासाठी त्याला ओरडा बसतो. खेड्यात मोरीपाशी मुंग्या लागलेल्या एखाद्या आजीच्या ध्यानात येतात. मग उलट्या होतात, पोट दुखतं, श्वास खोल आणि जोरात चालतो. उलट्यांवर औषध मिळतं, श्वासासाठी वाफ दिली जाते, कुणी सलाइन लावतं आणि त्यात ग्लुकोजही असतं. हा सगळा वेळ रक्तात केटोन नावाची आम्लं साठत असतात आणि मूल बेशुद्धीकडे सरकत असतं. त्या अवस्थेला कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात. त्यात मुलं दगावतात. बोटाला सुई टोचून काढलेला रक्ताचा एक थेंब आणि साधं ग्लुकोमीटर एवढ्यावर निदान होतं. हे पुस्तक एखाद्या डॉक्टरांच्या हाती पडलं तर त्यांना माझी विनंती आहे: उलट्या करणाऱ्या, धाप लागलेल्या, वजन उतरलेल्या प्रत्येक मुलाची शुगर एकदा पाहाच.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालच्या टाइप १ असलेल्या मुलांची संख्या दोन लाखांहून अधिक होती आणि ती इतर कोणत्याही देशापेक्षा जास्त होती. निदान न होताच गेलेली मुलं या आकड्यात नाहीत.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी निदान झालं तरी उपयोग नव्हता. इन्सुलिन मिळण्याआधी अमेरिकेत फ्रेडरिक अ‍ॅलन यांची उपासमारीची पद्धत चालत असे: मुलाला जगण्यापुरतं, किंबहुना त्याहून कमी खायला द्यायचं आणि मरण थोडं लांबवायचं. एलिझाबेथ ह्यूज ही तिथल्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी. तिला अकराव्या वर्षी मधुमेह झाला आणि १९२२ च्या ऑगस्टमध्ये ती टोरांटोला इन्सुलिनच्या शोधकांपैकी एक असलेल्या फ्रेडरिक बँटिंग यांच्याकडे पोहोचली तेव्हा जवळपास पंधरा वर्षांच्या त्या मुलीचं वजन वीस किलोच्या आसपास उरलं होतं. त्याच वर्षीच्या जानेवारीत टोरांटोमध्येच लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं होतं. स्वादुपिंडाचा तो पहिला अर्क पुरेसा शुद्ध नव्हता; जीवरसायनतज्ज्ञ जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला आणि बारा दिवसांनी दिलेल्या इंजेक्शनानं मुलगा सावरला. एलिझाबेथही सावरली. शिकली, तिचं लग्न झालं, मुलं झाली आणि १९८१ मध्ये, ७३ व्या वर्षी ती वारली. मात्र आपल्याला मधुमेह आहे ही गोष्ट तिनं आयुष्यभर जवळपास साऱ्यांपासून लपवून ठेवली. ज्या औषधानं तिला जीव दिला त्याचा उच्चारही तिला नको होता. आपल्याकडे मुलीच्या लग्नाच्या काळजीनं निदानाचे कागद कपाटाच्या तळाशी जातात, तेव्हा मला ही बाई आठवते. लपवण्याची किंमत मोजावी लागते: लपवलेली सुई वेळेवर टोचता येत नाही, आणि पाहुण्यांसमोर शुगर उतरली तर मुलगी साखर मागू शकत नाही.

इन्सुलिननं मरण टळलं आणि घराच्या वाट्याला काम आलं. त्या कामाबद्दल माझं एकच म्हणणं आहे आणि पुस्तकाच्या सगळ्या प्रकरणांमागे तेच आहे. मुलांचा मधुमेह डॉक्टर सांभाळत नाहीत, एकटी आईही सांभाळू शकत नाही आणि एकट्या मुलावर तर तो टाकताच येत नाही. ते काम साऱ्या घराचं आहे आणि ते ठरवून वाटून घ्यावं लागतं.

काम किती असतं ते पाहा. सकाळी उठल्यावर शुगर तपासायची. नाश्त्यात काय आहे, किती आहे, आज शाळेत पीटी आहे का, याचा अंदाज घेऊन डोस ठरवायचा. दुपारचा डबा, त्याआधीचं इंजेक्शन, संध्याकाळचं खेळणं, रात्रीचं जेवण आणि दिवसभर पुरणारं लांब पल्ल्याचं इन्सुलिन. दिवसाला चार इंजेक्शनं आणि तितक्याच वेळा किंवा अधिक वेळा तपासणी. सुईची जागा रोज बदलायची: पोट, मांडी, दंड. एकाच जागी टोचत राहिलं तर तिथं गाठ येते आणि त्या गाठीत दिलेलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. शाळेच्या खेळांच्या दिवशी मूल दुपारी धावलं असेल तर शुगर मध्यरात्री उतरू शकते, म्हणून रात्री दोन-तीनच्या सुमाराला उठून पाहायचं. ताप आला, उलटी झाली, मूल जेवलं नाही, तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही. आजारपणात शुगर बहुधा चढते आणि केटोन तपासावे लागतात. यातलं काहीही अवघड नाही. अवघड आहे ते रविवार न घेता वर्षानुवर्षं करणं.

आणि हे कोण करतं? मी पाहिलेल्या घरांत बहुधा आई. नोकरी सोडते ती आईच, दोन वाजताचा गजर लावते ती आईच, आणि शुगर चढली की ‘तू काय खायला घातलंस?’ हेही तिलाच विचारलं जातं. वडिलांचं प्रेम कमी असतं असं अजिबात नाही. पैसे उभे करणं, औषधं आणणं, तालुक्याहून जिल्ह्याला घेऊन जाणं ते करतात. पण सुई हातात घ्यायला ते कचरतात. ‘माझ्याच्यानं टोचवत नाही’ असं म्हणतात आणि घर ते मान्य करतं. आईला टोचवतं असं मात्र कुणी समजू नये. पहिल्या आठवड्यात तिचाही हात थरथरत असतो. फरक इतकाच की तिला नाही म्हणायची सोय नसते. पुढे ती आजारी पडते, बाळंत होते, माहेरी कुणी वारलं म्हणून दोन दिवस जाते, आणि घरात डोस माहीत असलेलं दुसरं माणूस नसतं. तेव्हा काय होतं ते आम्ही रुग्णालयात पाहतो.

भावंडांची गोष्ट निराळी. ती पाहत असतात की घराचं सगळं लक्ष एकाकडे गेलं. त्यांना काही वाटतं हे बऱ्याच काळपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. पण विश्वासात घेतलं तर तीच सर्वात चांगले राखणदार होतात. भावाचे हात थंडगार पडलेत, तो उगाच चिडतोय, म्हणजे शुगर उतरली असणार, हे नऊ वर्षांची बहीण मोठ्यांच्या आधी ओळखते.

शुगर उतरणं, ज्याला सगळे ‘हायपो’ म्हणतात, ते प्रत्येकाला ओळखता आलंच पाहिजे, म्हणून इथंच सांगते. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, भूक, चिडचिड, गोंधळलेपणा दिसतो. लगेच साखर द्यायची: वजनाच्या दर किलोला साधारण ०.३ ग्रॅम. म्हणजे तीस किलोच्या मुलाला नऊ-दहा ग्रॅम ग्लुकोज, किंवा दोन सपाट चमचे साखर पाण्यात विरघळवून. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमी असेल तर पुन्हा द्यायचं. चॉकलेट देऊ नये. त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, कुशीवर निजवायचं आणि तातडीनं दवाखाना गाठायचा. ग्लुकॅगॉन नावाचं इंजेक्शन अशा वेळी कामी येतं, पण ते आपल्याकडे सहजी मिळत नाही. ज्यांना मिळवणं शक्य आहे त्यांनी घरी ठेवावं.

घरात शिरणारी आणखी एक चूक फार साधी आणि फार धोक्याची आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटच्या मिळतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची असते. १०० युनिटच्या इन्सुलिनसाठीची सिरिंज नारिंगी टोपणाची. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं तर मुलाला अडीचपट डोस जातो; उलट केलं तर निम्म्याहूनही कमी. औषधाच्या दुकानात ‘एकच आहे हो’ म्हणून दुसरी सिरिंज हातात दिली तर घेऊ नका. बाटली फ्रीजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. फ्रीज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं मडकं विदर्भाच्या उन्हाळ्यातही बरंच काम करतं.

आता त्या काळाविषयी, ज्यात मला सर्वात जास्त भीती वाटते. निदानानंतर काही आठवड्यांनी अनेक मुलांची इन्सुलिनची गरज अचानक कमी होते. उरल्यासुरल्या बीटा पेशींना बाहेरच्या इन्सुलिनमुळे विसावा मिळतो आणि त्या थोडं काम करू लागतात. डोस चार-दोन युनिटवर येतो. घराला वाटतं, बरं झालं. नेमकं याच वेळी कुणी काढा सुचवतं, कुणी जांभळाच्या बियांची पूड, कुणी गावाकडचा हमखास उपाय करणारा माणूस. त्याच्याकडे गेल्यावर शुगर ठीक येते, मग इन्सुलिन थांबवलं जातं आणि श्रेय काढ्याला मिळतं. हा काळ काही महिन्यांत संपतो. पेशी उरत नाहीत आणि मूल कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये रुग्णालयात येतं. कारल्याचा रस द्यायचा तर द्या, त्यानं जीव जाणार नाही. इन्सुलिन थांबवल्यानं जातो. टाइप १ मध्ये इन्सुलिन बंद करायला सांगणारा माणूस कोणत्याही पदवीचा, कोणत्याही पंथाचा असो, त्याच्यापासून मुलाला दूर ठेवणं हे आईवडिलांचं कर्तव्य आहे. आणि आशा लावून बसलेल्या आजीआजोबांना हे प्रेमानं, पण ठामपणे समजावणं हे वडिलांचं काम आहे; ते सुनेवर सोडू नये.

आजीबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. ‘लेकरू तोंडाकडे बघत बसतं’ म्हणून लपवून लाडू देणारी आजी मुलाची वैरी नसते. तिला कुणी नीट सांगितलेलंच नसतं. सांगायचं ते असं की लाडू खाता येतो. फक्त तो मोजून, जेवणासोबत आणि त्याचं इन्सुलिन घेऊन खायचा. चोरून खाल्लेल्या लाडवाचं इन्सुलिन कुणी देत नाही. गणपतीत उकडीचा मोदक, संक्रांतीला तिळगूळ, वर्गमित्राच्या वाढदिवसाचा केक, यांतलं काहीच मुलाच्या आयुष्यातून पुसून टाकायची गरज नाही. आहाराच्या प्रकरणात याचा हिशेब सविस्तर आहे. मी एवढंच सांगते की एका मध्यम पोळीत साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं असतात, वाटीभर भातात त्याच्या जवळपास दुप्पट. भाकरी आरोग्याला चांगली म्हणून मोजायची नाही असा एक समज आहे, तो खरा नाही. भाकरीची जाडी घराघरांत वेगळी असते, तेव्हा तुमच्या घरच्या भाकरीला किती पीठ लागतं ते एकदा तराजूवर घालून पाहा. साबुदाण्याची खिचडी उपवासाची म्हणून हलकी समजली जाते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ सगळा स्टार्चच. आणि मुलाला वेगळं ताट करू नका. डाळ, उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, मोजका भात, हे जेवण साऱ्या घराच्या हिताचं आहे. घरचे पाच जण श्रीखंड खातात आणि एकजण काकडी, अशा पंगतीत बसलेल्या मुलाच्या मनात जे साठतं ते शुगरच्या तीन महिन्यांच्या सरासरीत (एचबीए१सी) पुढे दिसतं.

शाळेचं प्रकरण मी मुद्दाम मोठं करायला सांगितलं. मूल दिवसाचे सहा-सात तास तिथं असतं. वर्गात ग्लुकोज खाल्लं म्हणून बाहेर उभं केलेली, लघवीला जाऊ दिलं नाही म्हणून वर्गात फजिती झालेली, सहलीला ‘जबाबदारी नको’ म्हणून नाव कापलेली मुलं मला माहीत आहेत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानं २०१७ पासून टाइप १ च्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ आणि पाणी जवळ ठेवायची मुभा दिली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं २०२३ मध्ये राज्यांना लिहून शाळेत शुगर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, मधल्या वेळचं खाणं घेऊ द्यावं असं कळवलं. कागद झाला आहे. पण पाचवीच्या वर्गशिक्षिकेपर्यंत तो पोहोचलेला असतोच असं नाही, तेव्हा पालकांनीच वर्ष सुरू होताना शाळेत जाऊन वर्गशिक्षक आणि पीटीचे सर या दोघांशी पंधरा मिनिटं बोलावं. सोबत एका पानावर लिहून द्यावं: लक्षणं, काय द्यायचं, कुणाला फोन करायचा. बहुतेक शिक्षक मनापासून मदत करतात. त्यांना फक्त भीती वाटत असते.

मग मूल तेरा-चौदा वर्षांचं होतं आणि घरातलं बसलेलं सगळं वेळापत्रक विस्कटतं. याचं पहिलं कारण शरीरात आहे, हे आईवडिलांनी पक्कं ध्यानात घ्यावं. वाढीची संप्रेरकं इन्सुलिनच्या कामात आडवी येतात. वयात येण्याआधी दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ०.७ ते १ युनिट पुरत असेल तर या वयात एकाहून जास्त, कधी दोनपर्यंत लागतं. मुलींची शुगर पाळीच्या आधी चढते. मूल काहीही न चुकता शुगर २५० दाखवते आणि घर त्याच्याकडे संशयानं बघू लागतं.

दुसरं कारण वयातच आहे. मित्रांसमोर सुई काढायची लाज वाटते, सगळे वडापाव खायला थांबतात तेव्हा मीटर काढावंसं वाटत नाही, डोस राहून जातो. काही मुलींच्या ध्यानात येतं की इन्सुलिन टाळलं की वजन उतरतं, आणि तो मार्ग फार भयंकर आहे. याच वेळी आईवडीलही थकलेले असतात. ‘आता मोठा झालास, तुझं तू बघ’ असं म्हणून ते बाजूला होतात. आपल्याला वाटतं ही जबाबदारी शिकवणं आहे. बॉस्टनच्या जॉस्लिन केंद्रात मानसशास्त्रज्ञ बार्बरा अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात नेमका हाच प्रश्न अभ्यासला. ज्या घरांत शुगर तपासण्यात आईवडील सहभागी राहिले त्या किशोरांची तीन महिन्यांची सरासरी चांगली राहिली. पुढे त्यांनी घरांना एकत्र काम करायला शिकवून पाहिलं, तेव्हा आईवडिलांचा सहभाग टिकला आणि त्यामुळे भांडणंही वाढली नाहीत. सहभाग म्हणजे पहारा नव्हे, एवढं मात्र पाळावं लागतं.

पहाऱ्याचा परिणाम आमच्याकडे येणाऱ्या वह्यांत दिसतो. वहीत तीन महिने सगळ्या शुगर ११०, १२५, १३०. एकाच पेनानं, एका बैठकीत लिहिलेल्या. रक्ततपासणीतली तीन महिन्यांची सरासरी मात्र ११ टक्के. आई रडते, वडील मुलाला माझ्यासमोर खोटारडा म्हणतात. मला त्या वहीत एवढंच वाचता येतं की खरा आकडा सांगितला की घरात काय होतं हे त्या मुलानं अनुभवलेलं आहे. ३०० आकडा दिसल्यावर पहिलं वाक्य ‘काय खाल्लंस?’ असेल तर पुढच्या वेळी आकडा कळणार नाही. ‘बरं झालं तपासलंस, आता किती घ्यायचं ते बघू’ असं म्हटलं तर कळेल. सोळा वर्षांच्या मुलानं स्वतः टोचून घ्यावं, डोस स्वतः ठरवावा. आईनं किंवा बाबांनी दिवसातून एकदा शेजारी बसून आकडे पाहावेत आणि रात्रीचं इन्सुलिन घेतलं का एवढं विचारावं. एकेक काम हळूहळू सोपवावं, आणि परीक्षेच्या दिवसांत किंवा मूल खचलेलं दिसलं तर काही काळ पुन्हा आपल्याकडे घ्यावं. मूल आठवड्यामागून आठवडे उदास राहिलं, तर समुपदेशकाकडे नेण्यात कमीपणा मानू नये. टाइप १ च्या उपचारांचा तो एक भाग आहे.

एवढी काळजी कशासाठी, याला पुरावा आहे. अमेरिकेत आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात १४४१ जणांवर झालेल्या डीसीसीटी या अभ्यासात तेरा वर्षांपासूनची मुलं होती. शुगर काटेकोर ठेवणाऱ्यांमध्ये डोळ्यांच्या पडद्याचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. त्याच गटात शुगर धोकादायकरीत्या उतरण्याचं प्रमाण मात्र तिप्पट झालं. शुगर काटेकोर ठेवायची तर शेजारी जागं माणूस लागतं, हा त्या अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष घरांनी वाचावा असं मला वाटतं.

पैशाविषयी न बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल. सरकारी रुग्णालयांत इन्सुलिन मिळू शकतं, पण मीटरच्या पट्ट्या बहुतेक घरांना विकत घ्याव्या लागतात आणि एका पट्टीला पंधरा-वीस रुपये पडतात. दंडावर लावायचा, शुगर सतत मोजणारा सेन्सर चौदा दिवस चालतो आणि काही हजारांना मिळतो. ज्यांना परवडतो त्यांची रात्रीची झोप तो परत देतो. शेतमजुराच्या घरात तो पोहोचत नाही. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांचा ड्रीम ट्रस्ट आणि छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ अशा संस्थांनी गरीब घरांतल्या मुलांना इन्सुलिन, पट्ट्या आणि मुख्य म्हणजे शिक्षण मिळवून दिलं. त्यांच्या मेळाव्यात मूल प्रथमच पाहतं की आपल्यासारखी आणखी कितीतरी मुलं आहेत, तीही पोट उघडं करून बिनधास्त टोचून घेतात आणि लगेच खेळायला पळतात. अलेक्झांडर झ्वेरेव या टेनिसपटूला अगदी लहानपणापासून टाइप १ आहे आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यानं सुवर्णपदक मिळवलं, हे मुलांना सांगावं. पण शेजारच्या गावातली बारावी झालेली मुलगी त्यांना जास्त पटते. आधार राज्यातल्या दोन-चार संस्थांवर सोडणं बरोबर नाही. पट्ट्या इन्सुलिनइतक्याच आवश्यक आहेत, आणि त्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात अशा मुलांना विनामूल्य मिळाल्या पाहिजेत, ही मागणी आपण सर्वांनी लावून धरायला हवी.

वजन वाढलेल्या, मानेवर काळपट जाड त्वचा आलेल्या किशोरांमध्ये टाइप २ ही दिसू लागला आहे. त्याचे उपचार वेगळे, त्याला स्वतंत्र पुस्तक लागेल. इथं त्याचं एक छोटं प्रकरण शेवटी आहे.

हे पुस्तक डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि आईवडिलांनी मिळून लिहिलं आहे, आणि त्यातली आईवडिलांनी लिहिलेली पानं मला सर्वात मोलाची वाटतात. ते एका दमात वाचायचं नाही. निदान नुकतंच झालं असेल तर इंजेक्शन, हायपो आणि आजारपण ही तीनच प्रकरणं आज वाचा. बाकीची पुढच्या महिन्यात. डोस मात्र पुस्तकातून ठरवू नका, तो तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

आणि ज्या घरी सध्या एकटीच आई टोचते आहे त्या घरातल्या बाबांना, काकांना, आजोबांना, मामांना माझं सांगणं आहे: पुढच्या रविवारच्या आत तुमच्यापैकी एकानं तिच्याकडून इंजेक्शन द्यायला शिकून घ्या, आणि आठवड्यातल्या दोन रात्रींचा गजर तुमच्या फोनवर लावा.